जुडीबरोबरची काकडं

माझ्या भावाचा पोरगा भरत हुशार हाय, हे मी आधीच सांगून टाकते. नाय तर तुमी बोलाल, म्हातारी जळते. मी जळत नाय. मला त्याची शिसारी येते. जळणं वेगळं आणि शिसारी वेगळी, ते तुमाला पुढं कळेल.

आमची वाडी टोकावड्याच्या वरच्या अंगाला, माळशेजच्या रस्त्यापासून बरीच चालत आत. मी ठकू. माझं लग्न वाडीतल्या वाडीतच झालं, त्यामुळं माझा भाऊ मंगळू आणि मी, आमच्या दोन घरांमधे नुसतं एक कुंपण. भरत त्या कुंपणातून रांगत माझ्याकडं यायचा. त्याच्या आयशीला दूध कमी होतं, तर नाचणीची पेज मीच भरवलीय त्याला. त्यामुळं मी त्याला काय बोलले तर तो माझा हक्क हाय, आणि मी भरपूर बोलणार हाय.

पण आधी शेवळं आणि काकडं समजून घ्या, त्याशिवाय ह्या पोरानं काय केलं ते ध्यानात यायचं नाय.

पाऊस लागायच्या तोंडाला जंगलात पाल्याखालून जांभळट कोंब वर येतात, ती शेवळं. त्यांची भाजी मटणाच्या तोंडात मारील अशी होते. पण शेवळाच्या अंगात खाज असते. तसंच शिजवून खाल्लं तर जीभ चरचरते, घसा धरतो, ओठ सुजतात. त्याला उतारा एकच, काकडं. काकडं म्हणजे काकडी नाय. काकड नावाचं झाड असतं, त्याची आवळ्याहून बारीक, हिरवी, आंबट फळं. ती ठेचून रस भाजीत घातला की खाज मरते. म्हणून आमच्या बाया शेवळांची जुडी विकतात तेव्हा तिच्याबरोबर ओंजळभर काकडं देतात. माझी आय देत होती, तिची सासू देत होती. त्याचे पैसे कोण लावत नाय. ह्यात पुण्य वगैरे काय नाय. खाजरी वस्तू आपण विकली, तर तिचा उतारा पण आपणच द्यायचा, एवढंच. तो जुडीतलाच भाग. जुडी ज्या सालीनं बांधतो तिचे पैसे लावतो का आमी?

ह्याचा अर्थ मी भोळी हाय असा काढू नका. टोकावड्याच्या नाक्यावर मी आयुष्य काढलंय. गॉगलवाला दिसला की तीस रुपयांची जुडी चाळीसला सांगते. एखादी बाई जास्त घासाघीस करायला लागली तर टोपली डोक्यावर घेऊन निघाल्याचं नाटक करते, ती हाक मारतेच. पहाटे उठून काट्याकुट्यात हात घालायचे, विंचवाची भीती, वर एसटीचं भाडं, मग दोन पैसे सुटायला नको का? सुटायलाच पायजेत. नफ्याला माझी ना नाय. मी नफ्यावर रागावलेली नाय हे नीट ऐकून ठेवा, कारण भरत सगळ्यांना तसंच सांगत फिरतो.

आता त्याच्याकडं येते.

पोरगा आश्रमशाळेत होता. तिथं मिळणारं अंडं हा खायचा नाय, दुसऱ्याला द्यायचा आणि बदल्यात पेन्सिल, खोडरबर, कधी कोणाची नवीन चप्पल चार दिवस घालायला, असं काय काय घ्यायचा. सुट्टीत आला की पिशवी ओतून दाखवायचा. अख्खी वाडी हसायची. मंगळू छाती काढून बोलायचा, "माझा पोरगा शेठ होणार." आमच्यात आजवर शेठ कोण झालाय? म्हणून सगळ्यांना कौतुक. मला पण होतं. फक्त एकदा जरा कसंतरीच झालं. वाडीतल्या बुधूचा पोरगा त्याच्याच खोलीत तापानं फणफणून पडला होता, तर ह्यानं त्याला पाणी आणून द्यायच्या बदल्यात त्याच्या वाटणीचं केळं घेतलं. मी बोलले, "अरे, आजारी पोराकडून घेतलंस?" तर कसा सरळ तोंड करून बोलला, "त्याला ताप होता आते, त्याला केळं कुठं जात होतं?" आठ-नऊ वर्षांचं पोर.

दहावी झाली आणि तो मुरबाडला एका मोबाइलच्या दुकानात लागला. तिथं चार-पाच वर्षं काढली. केस बदलले, बोलणं बदललं. नाय ऐवजी नाही बोलायला लागला, तेवढं चांगलं दिसायचं त्याला. मग दुकानाच्या मालकानं दुकान विकलं आणि हा वाडीवर परत आला. दोन महिने नुसता बसून होता. मंगळूचं तोंड एवढंसं झालं. वाडीत बाया कुजबुजायच्या, शेठ आला परत.

तेव्हा शेवळांचे दिवस तोंडावर होते. एका सकाळी त्यानं सगळ्या बायांना माझ्याच अंगणात बोलावलं आणि बोलला, "तुम्ही फक्त काढा आणि जुड्या बांधा. मी दारात येऊन घेणार, दारातच रोख देणार. टेंपो ठरवलाय. नाक्यावर उन्हात बसायचं नाही, एसटीची वाट बघायची नाही, उरलेला माल परत आणायचा नाही."

खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. माझे गुडघे गेलेत. नाक्यावर बसून बसून ढुंगणाला घट्टे पडलेत. पाऊस आला की टोपली डोक्यावर धरून धाब्याच्या पत्र्याखाली चोरासारखं उभं राहायचं, धाब्यावाल्याची बोलणी खायची. दारात पैसे मिळतात तर कोणाला नकोत? तो देत होता तो भावही वाईट नव्हता. सगळ्या बाया हो बोलल्या, मी पण बोलले.

जाता जाता तो थांबला. माझ्या शेताच्या बांधावर काकडाचं झाड हाय, वाडीतलं सगळ्यात मोठं. वाडीला काकडं त्याच झाडाची जातात. "आते, काकडं घेऊ ना?" त्यानं विचारलं.

"घे की," मी बोलले. "विचारतंस काय? झाड काय मी लावलंय?"

मला बरं वाटलं होतं की पोरानं विचारलं. बघा म्हणजे.

पंधरा दिवस मजेत गेले. मग गुडघ्याचं औषध आणायला मी मुरबाडला गेले. औषध घेतलं आणि म्हटलं, चला, पोराचं दुकान बघू. बाजाराच्या तोंडाशी त्यानं टेबल मांडलं होतं. वर ताडपत्री, टेबलावर हिरवं कापड, त्यावर आमच्या जुड्या पाणी मारून ओळीनं ठेवलेल्या. गर्दी होती. मला अभिमान वाटला. मी लांबूनच उभी राहून बघत होते.

भाव ऐकला तर वीस रुपये. नाक्यावर आमी तीस लावतो आणि हा वीस. मला वाटलं, पोराला हिशेब जमत नाय, मरणार हा. मग बघितलं तर टेबलाच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या बारक्या पिशव्या, त्यात मोजून काकडं घातलेली, वर स्टेपलर मारलेला. एका शिकलेल्या म्हाताऱ्या बाईनं जुडी घेतली आणि बोट दाखवलं. "ते वेगळे पंधरा रुपये," भरत बोलला. तिनं तोंड वाकडं केलं, पण दिले. तिला ठाऊक होतं काकडाशिवाय भागत नाय. तिच्या मागं एक तरुण जोडपं होतं. त्यांनी स्वस्त म्हणून दोन जुड्या घेतल्या. काकडांकडं बघितलं पण नाय. भरतनं पैसे घेतले, जुड्या पिशवीत घातल्या, "थँक्यू" बोलला. आणि ती दोघं गेली.

मी पुढं झाले. "भरत, त्यांना काकडं नाय दिलीस."

"त्यांनी मागितली नाहीत."

"त्यांना ठाऊक नसेल रे. सांगायचं ना."

त्यानं मला टेबलाच्या मागं घेतलं, स्टुलावर बसवलं आणि समजावून सांगायला लागला, जसा एखादा मास्तर मठ्ठ पोराला सांगतो तसा. "आते, मोबाइलमधे दुकानदाराला काही सुटत नाही. गिऱ्हाईक दहा दुकानं फिरून भाव काढून येतं. मग सुटतं कशात? कव्हरमधे. काचेत. चार्जरमधे. त्याचा भाव कोण विचारत फिरत नाही, मोबाइल घेतला की ते घ्यावंच लागतं. आपली जुडी म्हणजे मोबाइल. ती मी सगळ्यांपेक्षा स्वस्त लावतो, म्हणून गर्दी माझ्याकडे. मार्जिन काकडात."

"मोबाइल पडला तर काच फुटते. इथं माणसाचा घसा हाय रे."

"कोण मरत नाही त्यानं."

"मग निदान घेणाऱ्याला सांग तरी, की काकडं घातल्याबिगर खाऊ नका."

"असं सांगितलं तर घाबरून जुडीच घेणार नाहीत." तो हसला. "विचारलं तर सांगतो ना. खोटं बोलत नाही मी कोणाशी."

माझ्या बांधावरची काकडं. वाडीतली पोरं चढून काढतात, खाली पडलेली गुरं खातात, ती फळं ह्यानं मोजून पिशवीत घालून त्यांना स्टेपलर मारला होता. मी उठणार तेवढ्यात एक बाई आली, कडेवर चार-पाच वर्षांची पोरगी. पोरीचे ओठ सुजून वर आले होते, हनुवटीवरून लाळ गळत होती आणि ती रडत पण नव्हती, रडून थकली होती.

"काल तुमच्याकडूनच नेली होती भाजी," ती बाई बोलली. "रात्रभर माझी कुणाली पाणी गिळू शकली नाही. दवाखान्यात इंजेक्शन दिलं तेव्हा जरा उतरलं. काय विकता तुम्ही? जंगलातलं काहीपण उपटून आणता आणि विष विकता?"

ती भरतला बोलली, पण बोलताना बघत होती माझ्याकडं. माझं लुगडं, माझे हात, माझ्या हनुवटीवरचं गोंदण. त्याचे केस छान होते, शर्ट इस्त्रीचा होता. जंगलातली मी दिसत होते.

आणि भरतनं काय केलं ते ऐका. त्यानं चेहरा पाडला, अगदी वाईट वाटल्यासारखा. मग कोपऱ्यातली काकडाची एक पिशवी उचलली आणि बोलला, "सॉरी ताई. ह्यात हे घालायचं असतं. ही घ्या, पुढच्या वेळेला वापरा. तुमच्यासाठी पाच रुपये कमी."

पाच रुपये कमी. पोरीच्या लाळेचा थेंब त्याच्या हिरव्या कापडावर पडला होता आणि हा तिच्या आयशीला उतारा विकत होता, सूट देऊन. मी बाजूला तोंड करून थुंकले. त्या बाईनं पिशवी त्याच्या अंगावर फेकली आणि ती गेली. त्यानं वाकून पिशवी उचलली, पुसली आणि परत जागेवर ठेवली.

त्या दिवशी मी वाडीवर गेले आणि सगळ्या बायांना सांगितलं. मला वाटलं होतं, पेटून उठतील. ठमी, जिच्याबरोबर मी पोरवयापासून जंगलात गेले, ती तांदूळ निवडता निवडता बोलली, "आपल्याला जुडीचे पैसे मिळतात ना गो? पुढं तो काय करतो त्याच्याशी आपल्याला काय?"

"जुडी आपली हाय. लोक आपल्याला शिव्या देतात."

"मुरबाडात देतात. इथवर कुठं ऐकू येतात?" असं बोलून ती हसली आणि बाकीच्या पण हसल्या. त्यांची पण शिसारी आली मला. दारात पैसे मिळायला लागल्यापासून ह्यांच्या जिभेला हाडच राहिलं नाय. मंगळूकडं गेले तर तो ऐकायलाच तयार नाय. त्याच्या पोरानं त्याला नवीन मोबाइल दिला होता, तो त्याच्यातच डोकं घालून बसला होता. बोलला, "तुला समजत नाय त्यातलं. धंदा हाय तो."

मग मी ठरवलं, काकडंच द्यायची नाय. दुसऱ्या दिवशी भरत गोणी घेऊन बांधावर आला तेव्हा मी झाडाखाली बसले होते.

"आजपासून हात लावायचा नाय," मी बोलले.

तो चिडला नाय. त्यानं गोणीची घडी केली आणि बगलेत मारली. "ठीक आहे आते. तुझं झाड, तुझी मर्जी. पण मग कोणालाच काकडं मिळणार नाहीत. ज्यांना ठाऊक आहे ते पण बिगर काकडाचीच नेतील. जुड्या तर मी विकणारच."

आणि तो निघाला. मी त्याच्या पाठीकडं बघत राहिले. त्या पोरीचे ओठ माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात. आता असल्या किती पोरी होतील, आणि झाड माझं, नाय बोलणारी पण मीच. त्याला हाक मारावी असं आलं होतं तोंडात, पण मारली नाय. मला दुसरं सुचलं होतं.

मी ठमीच्या नातीला झाडावर चढवलं आणि पोतंभर काकडं काढून घेतली. सकाळच्या एसटीला पोतं टाकलं, मुरबाडला उतरले आणि भरतच्या टेबलाला लागून खाली गोणपाट अंथरून बसले. जो जुडी घेईल त्याच्या पिशवीत ओंजळ ओतायची. "अगो थांब, ही घे, ठेचून रस घाल, नाय तर घसा धरील. पैसे नकोत." काही लोक बिचकायचे, फुकट कशाला देते म्हातारी? पण घ्यायचे. एक तरुण पोरगी पुढं निघून गेली होती, तिच्या मागं मी रिक्षास्टँडपर्यंत लंगडत गेले.

दिवसभरात भरतची आधीची उरलेली एक पण पिशवी खपली नाय. वीस रुपयाच्या जुडीत त्याला टेंपोचं भाडं पण निघेना. दुपारी तो माझ्या कानाशी वाकून बोलला, "आते, माझं मार्जिन खातेस तू."

"खाते," मी बोलले. "आंबट हाय, पण चांगलं लागतं."

संध्याकाळी त्यानं मला टेंपोत घेतलं नाय. मी एसटीनं गेले. दुसऱ्या दिवशी परत आले. तो मला बघून तोंड फिरवायचा, दात ओठ खायचा, एकदा तर बोलला की मार्केटवाल्याला सांगून उठवीन. मी बोलले, "सांग. त्याला पण काकडं देते." मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. गुडघे ठणकत होते, पण घरी जाऊन शांत झोप लागायची. मला वाटलं, जिंकले मी. आणि एका परीनं जिंकले पण. माझ्यासमोरून एक पण जुडी काकडाबिगर गेली नाय.

चार-पाच दिवस हे चाललं. मग एका सकाळी मी एसटीतून उतरले तर भरत स्टँडवर उभा. त्यानं माझ्या डोक्यावरचं पोतं स्वतः घेतलं. टेबलाजवळ माझ्या जागेवर मोठी छत्री लावली होती, पाठीला टेकायला खोका ठेवला होता. त्यानं चहा आणला, वडापाव आणला. "तू बरोबर होतीस आते," असं बोलला. "आपली रीत सोडायला नको होती मी."

माझे डोळे भरून आले. पेज भरवलेलं पोर, शेवटी रक्त हाय, असं मला वाटलं. मी त्याच्या तोंडावरून हात फिरवला. त्यानं फिरवून घेतला.

मग गिऱ्हाईक यायला लागलं आणि तो ओरडायला लागला. "या ताई, या साहेब! खास माळशेजची शेवळं, चाळीसला जुडी, काकडं एकदम फ्री!"

मला आधी वाटलं, ऐकण्यात काय चूक झाली. चाळीस? काल वीस होती. मी त्याच्याकडं बघितलं, तो गिऱ्हाईकाकडं बघत होता. आणि लोक घेत होते. विसाला घ्यायला जे दहा वेळा विचार करायचे ते चाळीस काढून देत होते आणि वाकून मला बोलत होते, "मावशी, आमची फ्रीवाली काकडं."

मी एका बाईला बोलले, "बाय, काकडं कायमच फुकट असतात. नाक्यावर जुडी तिसाला मिळते, काकडासकट."

"हो का?" ती बोलली. "छान आहे ऑफर. अजून थोडी द्या ना."

तिच्या बरोबरच्यानं माझा फोटो काढला. भरतनं त्याला सांगितलं, "आमची आत्याच आहे. स्वतः जंगलातून आणते. अस्सल." ते ऐकून आणखी दोघांनी जुड्या घेतल्या. तेव्हा कुठं मला त्याचा हिशेब कळला. पिशव्या नकोत, स्टेपलर नको, मोजायला माणूस नको. काकडं काढायची मी, वाहून आणायची मी, द्यायची पण मी, आणि वर चढलेले वीस रुपये त्याचे. बायांना दारात तोच भाव, तो काय वाढवला नाय त्यानं. मी विचारलं तेव्हा बोलला, "त्यांची जुडी तीच आहे आते. वाढलंय ते सर्व्हिसचं."

"कोणाची सर्व्हिस?"

तो नुसता हसला आणि सुट्टे मोजायला लागला.

मी उठले. पोत्याचं तोंड बांधलं, छत्रीच्या दांड्याला लाथ मारली आणि चालायला लागले. बोलले, "तुझं तोंड मी परत बघणार नाय." त्यानं मला थांबवलं नाय. बाजारातले दोघं-तिघं बघत होते. मी मान वर करून गेले. रागानं गुडघा पण दुखत नव्हता.

वीस-पंचवीस पावलं गेले असेन. मागून एका बाईचा आवाज आला. "काकडं फ्री ना? कुठे आहेत?"

"आता संपली ताई," भरत बोलला. "उद्या या, डबल देतो. आज जुडी घेऊन जा, चिंच घाला थोडी, चालतं."

चालत नाय. चिंचेनं थोडं भागतं, पण ती किती घालायची, केव्हा घालायची, हे त्या बाईला कोण सांगणार? मी मागं वळून बघितलं. बाई पोटुशी होती. सात-आठ महिने झाले असतील. तिनं जुडी पिशवीत घातली होती आणि पाकिटाची चेन लावत होती.

मी जागेवर उभी राहिले. माझ्या तोंडात त्याच्यासाठी आलेल्या शिव्या तुमाला सांगत नाय. एसटी तिकडं लागलेली दिसत होती. कंडक्टर घंटी मारायच्या बेतात होता.

मी परत गेले. "बाय, थांब जरा," मी हाक मारली. पोत्याची गाठ घट्ट बसली होती, दातांनी सोडली. तिच्या पिशवीत एक ओंजळ घातली, मग आणखी एक घातली. कशी ठेचायची, रस कधी घालायचा, सगळं नीट सांगितलं. ती हसली, बरं मावशी बोलली आणि गेली.

मग मी खाली बघितलं. माझं गोणपाट जसंच्या तसं अंथरलेलं होतं. खोका जागेवर होता. छत्री मी लाथ मारून वाकडी केली होती, ती त्यानं सरळ करून ठेवली होती. मी किती लांब जाईन आणि कशानं परत येईन, ह्याचा पण त्यानं भाव काढला होता, आणि तो बरोबर निघाला होता.

"बस आते," तो माझ्याकडं न बघता बोलला. "सावली जरा सरकवतो."

पुढचं गिऱ्हाईक हात पसरून उभं होतं. मी बसले.